सावली आणि रात्र

आपल्या भाषेने उजेडाच्या बाजूने फार पूर्वीच निकाल देऊन ठेवला आहे. मुलाने परीक्षेत काही विशेष केले नाही, की 'काय उजेड पाडलास?' असे आपण विचारतो. कर्तबगार मुलगा घराण्याचे नाव उजळतो; नालायक निघाला तर त्याने 'दिवे लावले' असे उपरोधाने म्हणतो. निंदेलासुद्धा शब्द उजेडाचाच! फसवणूक म्हणजे 'अंधारात ठेवणे', आणि गुण लोकांना कळणे म्हणजे 'उजेडात येणे'. बृहदारण्यक उपनिषदातील प्रसिद्ध प्रार्थनेचा ओघही याच दिशेचा आहे.

या भाषेतून एक नीतिविचार आपल्या मनात न कळत रुजलेला असतो. एखाद्याचे आयुष्य फुलले नाही, तर त्याला उजेड कमी पडला असे आपण धरून चालतो. आणि ज्याच्या हातात उजेड आहे त्याने तो अधिकाधिक द्यावा, हे त्याचे कर्तव्य ठरवून मोकळे होतो. हा विचार पुष्कळ अंशी खरा आहे. शाळा, वाचनालय, शिष्यवृत्ती, कौतुकाचा एखादा शब्द यांच्यावाचून कोमेजलेली आयुष्ये आपण सर्वांनी पाहिली आहेत. तथापि या विचारात एक उणीव आहे, आणि ती दाखवून देण्यास तत्त्वज्ञांच्या ग्रंथांपेक्षा एक साधी वेल अधिक उपयोगी पडते.

ही वेल म्हणजे काळादाणा. पहाटे उमलणारी, कर्ण्याच्या आकाराची निळी फुले देणारी ही वेल कुंपणावर चढलेली बहुतेकांनी पाहिली असेल. तिची काळी, तिकोनी बीजे वैद्य लोक रेचक म्हणून वापरतात. नाव त्यावरूनच पडले. गणपतीच्या दिवसांत लाल चांदण्यांसारखी फुले धरणारी आपली गणेशवेल आणि उपवासाचे रताळे ही दोन्ही तिच्याच कुळातली. जपानात तर या वेलीचे भाग्यच उघडले. चीनमधून औषध म्हणून गेलेल्या तिच्या बियांपासून तेथील हौशी लोकांनी नाना रंगांची, नाना आकारांची फुले निपजवली. टोक्योच्या इरिया भागात दर वर्षी जुलैच्या ६ ते ८ तारखांना तिचा मोठा बाजार भरतो.

या वेलीला ऊन लागते, हे कोणताही माळी सांगेल. दिवसातून पाचसहा तास चांगले ऊन मिळाले नाही तर ती पानेच पाने काढते, लांबच लांब जाते, पण कळी धरीत नाही. येथपर्यंत आपल्या भाषेचा निकाल कायम राहतो. परंतु पुढे जे आहे ते माळ्याच्या अनुभवात सहसा येत नाही. ते प्रयोगशाळेत उघडकीस आले.

गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे अमेरिकेच्या शेतकी खात्यातले दोन शास्त्रज्ञ. त्यांच्यापुढे तंबाखूच्या एका जातीचे कोडे होते. मेरिलँड मॅमथ नावाची ही जात उन्हाळ्यात शेतात माणसाहून उंच वाढे, पण फुलावर येत नसे. तीच हिवाळ्यात काचघरात लहानपणीच फुले. त्यांनी झाडे दुपार कलल्यावर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवण्याचा उपाय केला, आणि भर उन्हाळ्यात ती फुलली. १९२० साली त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. झाडाला दिवसाची लांबी कळते आणि तिच्यावर त्याचे फुलणे अवलंबून असते, असा तो निष्कर्ष होता. अठरा वर्षांनी, १९३८ मध्ये, हॅम्नर आणि बॉनर यांनी त्याला एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. शंकेश्वर म्हणून जे तण आपल्या धोतराला आणि गुरांच्या शेपटीला चिकटते, त्याच्यावर त्यांनी प्रयोग केले. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर झाडाचे काही बिघडत नव्हते. पण लांब रात्रीच्या मध्ये मिनिटभर जरी उजेड पाडला, तरी ते फुलत नव्हते. म्हणजे झाड दिवस मोजत नव्हते, ते रात्र मोजत होते. आणि त्याला नुसती लांब रात्र पुरत नव्हती, ती अखंड असावी लागत होती.

आपली निळी वेल याच पंथातली. तिच्या 'व्हायोलेट' नावाच्या जपानी जातीची संवेदनशीलता तर थक्क करणारी आहे. नुकत्याच उगवलेल्या, दोनच बीजपत्रे असलेल्या रोपाला सोळा तासांची एकच अखंड रात्र मिळाली, तर त्याचे भवितव्य ठरून जाते. ते फुलावर येते. त्याच रात्रीच्या साधारण आठव्या तासाला काही मिनिटे दिवा लावला, तर एवढे सगळे निष्फळ होते. अंधारात पानांमध्ये एक संदेश तयार होतो आणि तो शेंड्याकडे जाऊन 'आता पान नको, फूल काढ' असे सांगतो, ही कल्पना चैलाखियान या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात मांडली होती. तो संदेश नेणारे प्रथिन भाताच्या आणि मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपात २००७ साली सापडले. कल्पना आणि पुरावा यांच्यामध्ये सुमारे सत्तर वर्षे गेली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना यात आणखी एक गंमत आहे. दिल्लीची जूनमधली सर्वांत लहान रात्र सुमारे दहा तासांची असते. मुंबईची तिच्याहून पाऊण तासाने मोठी. घरून पुडीत बांधून आणलेले बी येथे रुजते खरे, पण त्याला वेगळ्या रात्री मोजाव्या लागतात. आमच्या सरकारी वसाहतीत एकाच पुडीतल्या बियांच्या दोन वेली आहेत. एक फाटकाशी रस्त्यावरच्या दिव्याखाली आहे, दुसरी मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ. दिवसाचे ऊन दोघींना सारखेच. मागची वेल निळी होऊन गेली, त्यानंतर बऱ्याच दिवसांपर्यंत फाटकावरची हिरवीगारच होती. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण जाणतो. येथे दिव्याखाली अंधार नव्हता, हीच अडचण होती.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. ज्याचे बरे व्हावे असे आपल्याला मनापासून वाटते, त्याला उजेड देणे हे कर्तव्य असेल, तर त्याची रात्र न मोडणे हेही तितकेच कर्तव्य नाही काय? मदत करण्याचे कर्तव्य सर्वमान्य आहे. हात आखडता घेण्याच्या कर्तव्याविषयी मात्र आपण क्वचित बोलतो. याचे कारण उघड आहे. दिलेला उजेड दिसतो, देणाऱ्याच्या नावावर जमा होतो. न मोडलेली रात्र कोणाच्याही खात्यावर जमा होत नाही. मिनिटभराचा दिवा ज्याने लावला त्याचा हेतू चांगलाच असतो. तो केवळ पाहावयास आलेला असतो, कळी धरली की नाही ते.

कचेरीत आयुष्य काढणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एखादे काम महिन्यात पुरे व्हावयाचे असते. प्रथम त्याचा पाक्षिक अहवाल मागवला जातो, मग साप्ताहिक, आणि शेवटी रोजचा. रोज किती प्रगती झाली ते लिहिण्यातच प्रगतीचा वेळ जातो, आणि फाइलीवर हिरवीगार पाने वाढत राहतात. मुलांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक गंभीर होते. शाळा, शिकवणी, सराव परीक्षा, गुणांची तुलना, आणि उरलेल्या वेळात खिशातल्या फोनवरून 'कुठे आहेस?' ही चौकशी, असा चोवीस तासांचा उजेड आज मध्यमवर्गीय मुलांवर आहे. मुलगी चित्र काढते असे कळताच तिचे चित्र पाहुण्यांसमोर येते. मुलगा कविता लिहितो असे कळताच ती शंभर फोनांवर जाते. ज्या गोष्टीला अजून आकार यावयाचा आहे, ती लोकांच्या नजरेपुढे धरणे हे प्रेमाचे कृत्य असू शकते. पण त्या गोष्टीच्या दृष्टीने तो आठव्या तासाचा दिवा आहे.

येथे थांबले तर लेख सोपा होईल. परंतु या विचाराचा आधार घेऊन एक फार जुना अन्याय आत शिरू पाहतो, आणि त्याला दारातच अडवले पाहिजे. अंधाराचे महत्त्व पटले, की कोणी तरी लगेच म्हणतो, 'मग ज्यांना आम्ही मागे ठेवले त्यांचे भलेच केले की! अज्ञातवासातच गुण पिकतात.' सत्ता ज्यांच्या हाती असते त्यांना असा युक्तिवाद नेहमीच आवडतो. त्याचे उत्तर पुन्हा त्या वेलीपाशीच आहे. रात्र आणि सावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ती वेल त्यांच्यात कधीही गल्लत करीत नाही.

गल्लत करीत नाही हे अलंकारिक बोलणे नव्हे. वर दुसऱ्या झाडाची पाने असली, की त्यांतून गाळून खाली येणारा उजेड बदललेला असतो. हिरवी पाने त्यातला तांबडा भाग स्वतःसाठी घेतात, आणि तांबड्याच्या पलीकडला, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा भाग खाली जाऊ देतात. या दोहोंचे प्रमाण बदलले की पुष्कळ वनस्पतींना कळते, हा ढग नव्हे, ही संध्याकाळ नव्हे. आपल्या आणि सूर्याच्या मध्ये कोणी तरी उभे आहे. मग झाड आपले सारे भांडवल उंची वाढवण्यात घालते. देठ लांबतात, फांद्या कमी फुटतात. फुलण्यासाठी ठेवावयाचे ते डोके वर काढण्यातच खर्च होते. कोणाच्या तरी सावलीत आयुष्य काढलेल्या माणसाचे याहून अचूक वर्णन मला माहीत नाही. वर चढण्याची त्याची धडपड पाहून आपण त्याला महत्त्वाकांक्षी म्हणतो. खरे तर त्याला चढावयाचे नसते. त्याला ऊन हवे असते.

आपला देश उन्हाचा, म्हणून आपण सावलीला दया मानले. छत्रछाया, कृपाछाया, वडिलांची सावली हे सारे मायेचे शब्द आहेत. पण सावली या शब्दाला दुसराही इतिहास आहे. ज्या समाजाने काही माणसांच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याच समाजाने त्या माणसांवर शतकानुशतके स्वतःची सावली धरली. विहीर, शाळा, रस्ता, ग्रंथ, सगळीकडे मध्ये उभे राहून. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, तेव्हा ते कोणाची कृपा मागत नव्हते. मध्ये उभे असलेल्याने बाजूला व्हावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या माणसांना 'अंधारातच गुण पिकतात' असे सांगणे म्हणजे चोराने धन्याला अपरिग्रहाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

घरातही हेच घडते. पदवीचे प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी ठेवून बदलीच्या गावोगाव संसार मांडणाऱ्या स्त्रिया आमच्यासारख्यांच्या वसाहतीत कमी नाहीत. त्यांच्या त्यागाचे, पडद्यामागे राहण्याचे आपण कौतुक करतो. पण तो पडदा त्यांनी ओढून घेतला होता, की दुसऱ्याच्या बदलीच्या हुकुमाबरोबर तो त्यांच्यावर आला, हा प्रश्न कौतुकाच्या ओघात विचारावयाचा राहून जातो.

याहून अधिक फसवा एक युक्तिवाद आहे. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी तो फार जिव्हाळ्याने मांडतात. ते म्हणतात, 'आम्ही अर्धपोटी राहून, रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकलो. आजच्या मुलांना सगळे मिळते, म्हणून ती फुलत नाहीत.' त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. गमतीची गोष्ट अशी, की त्यांच्या बाजूनेही ही वेल साक्ष देते. पोषण अगदी तोकडे ठेवले, तर लांब रात्र न मिळताही ती फुलू शकते, असे जपानी शास्त्रज्ञांना आढळले आहे. उपासमारीने फूल येते, हे खरेच आहे.

पण ते कोणते फूल, हेही पाहिले पाहिजे. संकटात सापडलेले झाड फुलते, कारण पुढचे दिवस मिळतील याचा त्याला भरवसा नसतो. वाढ सोडून ते घाईने बी धरण्याच्या मागे लागते. ते झाडाचे वैभव नव्हे, निरवानिरव आहे. शिवाय आपले सहकारी ज्या मुलांविषयी बोलत नाहीत ती मुले कोठे आहेत? त्याच दिव्याखाली त्यांच्या शेजारी बसलेली, तितकीच हुशार, पण तापाने, कर्जाने किंवा बापाच्या मृत्यूने उठून गेलेली? त्यांच्यातले कोणी आज आपले अनुभव सांगावयास कचेरीत बसलेले नाही. दारिद्र्याचे गुण सांगणारे सगळे त्यातून सुटलेलेच असतात. म्हणून त्यांची साक्ष प्रामाणिक असूनही अपुरी ठरते. जो स्वतः उपाशी राहून फुलला, त्याला त्या फुलाचा अभिमान असण्याचा पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्याला उपाशी ठेवण्याचा नाही.

मग सावली आणि रात्र ओळखावी कशी? बाहेरून दोन्हीही काळोखच दिसतात. मला तीन खुणा दिसतात. पहिली, सावलीला मालक असतो, रात्रीला नसतो. एखाद्याच्या वाट्याच्या अंधारामुळे दुसऱ्या कोणाला अधिक ऊन मिळत असेल, तर ती सावली. दुसरी, रात्रीच्या आधी दिवस झालेला असतो आणि नंतरही होतो. दिवसभर ऊन प्यालेल्या पानालाच रात्रीचा उपयोग. ज्याला दिवसच मिळाला नाही त्याला रात्रीचे गुण सांगणे हा क्रूरपणा आहे. तिसरी, रात्रीत ज्याचे त्याचे काम चालू असते. वरून काही दिसत नसले तरी आत संदेश तयार होत असतो. सावलीत मात्र सगळी शक्ती सावलीतून निसटण्यात जाते.

तिसऱ्या खुणेवर कोणी आक्षेप घेईल. आतले काम बाहेरून दिसत नाही, तर ते चालू आहे हे कळणार कसे? आणि ते पाहण्यासाठी दिवा न्यावा, तर रात्र मोडणार! आक्षेप योग्य आहे. त्याहूनही मूलभूत आक्षेप असा, की वनस्पतीवरून माणसाची नीती काढूच नये. निसर्गात अमुक घडते, एवढ्यावरून माणसाने अमुक करावे हे सिद्ध होत नाही. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने अठराव्या शतकातच 'आहे' आणि 'असावे' यांच्यामधल्या या दरीकडे बोट दाखवले होते. मला हे मान्य आहे. वेलीने आपल्याला कर्तव्य शिकवलेले नाही. तिने फक्त आपल्या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत हे दाखवले. कर्तव्य आपले आपल्यालाच ठरवावयाचे आहे.

आणि ते ठरवताना माणूस व वेल यांच्यातला फरकच आपल्या उपयोगी पडतो. वेलीला विचारता येत नाही, माणसाला येते. माळ्याला अंदाज करावा लागतो, प्रयोग करावे लागतात, दिव्याखालच्या वेलीची दुसऱ्या वेलीशी तुलना करावी लागते. आई-बाप, नवरा, अधिकारी, शिक्षक यांना याची गरज नाही. त्यांनी समोरच्या माणसाला एवढेच विचारावयाचे आहे, 'तुला मी पाहावयास हवा आहे, की मी बाजूला व्हावयास हवा आहे?' हा प्रश्न दिवा न लावताही विचारता येतो. आणि उत्तर मिळाले की ते खरे मानण्याइतकी सभ्यता ठेवावी लागते. बहुतेक वेळा आपण विचारीत नाही याचे कारण उत्तर ठाऊक नसते हे नव्हे. उत्तराने आपले काम वाढेल, अथवा आपले महत्त्व कमी होईल, अशी भीती असते. सावली धरणाऱ्याला सरकून उभे राहावे लागेल. दिवा लावणाऱ्याला अंधारात वाट पाहत बसावे लागेल. दुसरे काम पहिल्याहून सोपे आहे असे मुळीच नाही. ज्यांनी मुलाच्या निकालाच्या आदल्या रात्री काहीही न विचारता त्याच्याबरोबर जेवण केले आहे, त्यांना ते किती अवघड आहे हे कळेल.

शेवटी श्रेयाचा प्रश्न उरतो. पहाटे फुले उमललेली पाहून सूर्याने ती उमलवली असे आपण सहज म्हणतो. पण कळीचे उमलणे सकाळी सुरू होत नाही. तिचे घड्याळ आदल्या संध्याकाळी, अंधार पडताच चालू होते, आणि त्यानंतर सुमारे दहा तासांनी कळी उघडते. पुष्कळदा सूर्य उगवतो तेव्हा फूल तेथे आधीच उभे असते. तरी सूर्याचे श्रेय सूर्याचेच आहे. आदल्या दिवसांचे ऊन नसते, तर कळी धरलीच नसती. पण रात्रीचे श्रेय कोणाला द्यावयाचे? तिने काहीच केले नाही. ती फक्त मोडली गेली नाही. माणसांच्या आयुष्यात अशी रात्र आपोआप पडत नाही. कोणी तरी विचारावयाचे ते विचारलेले नसते, कोणी तरी दार ओढून घेतलेले असते, कोणी तरी मध्ये उभे न राहता बाजूला बसलेले असते. त्यांची नावे कोणत्याही सत्कारात घेतली जात नाहीत, आणि ती घेतली जावीत अशी त्यांची इच्छाही नसते. ज्याचे आयुष्य फुलले त्याने मात्र ती आठवून ठेवावीत, आणि आपल्या हाती दिवा आला म्हणजे तो कधी विझवावयाचा हे त्यांच्यापासून शिकावे.